गोदामवालं की साखळीवालं

गौंडरसाहेबांच्या खुर्चीचा डावा हात मोडलेला होता. कधी मोडला ते कुणालाच आठवत नव्हतं, पण साहेब वर्षानुवर्षं डावं कोपर अधांतरी धरूनच सह्या करत आले होते आणि नवी खुर्ची मागवायचं नाव काढत नव्हते. सुवा बंदराच्या वालू बे भागातल्या त्या घाऊक मालाच्या कंपनीत गोदाम, बोटी, लॉऱ्या, मागवणं आणि पाठवणं हे सगळं त्या एका खुर्चीवरून चालायचं. नाताळला साहेब निवृत्त होणार होते. ही बातमी फुटली त्या दिवसापासून गोदामातला प्रत्येक माणूस टोरिकाशी जरा जास्तच गोड बोलायला लागला होता.

टोरिका नावुकू ही कॉलेज अर्धवट सोडून इथे लागली ती हमालांची हजेरी घ्यायला. आता छत्तिशीला ती साठ्याची मुख्य होती. कुठला माल किती उरलाय, तो कधी मागवायचा, कुठल्या बेटाच्या बोटीत किती चढवायचा हे ठरवणं तिचं काम. कामात चोख, जिभेला धार, आणि कंप्युटरवरच्या आलेखावर देवाच्या खालोखाल विश्वास. साहेबांनंतर तीच, यात कुणाला शंका नव्हती. मालकांनी मात्र एक पाचर मारून ठेवली होती. खुर्चीवर बसणाऱ्याकडे या धंद्यातलं, जगात कुठेही चालेल असं एक प्रमाणपत्र नाताळच्या आत असलं पाहिजे. खर्च कंपनीचा, पण एकाच प्रमाणपत्राचा. ते जमलं नाही तर ऑकलंडच्या कचेरीतून माणूस येईल.

प्रमाणपत्रं निघाली तीन. त्यांची खरी नावं इतकी लांबलचक आणि इतकी एकसारखी होती की दुसऱ्याच दिवशी गोदामाने त्यांचं नव्याने बारसं करून टाकलं. एक 'गोदामवालं', त्यात साठा आणि नियोजन. दुसरं 'लॉरीवालं', त्यात वाहतूक. तिसरं 'साखळीवालं', त्यात कारखान्यापासून गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत सगळं, मधल्या माणसांसकट. गोदामवाल्यातलं अर्धं टोरिका रोजच करत होती, आणि त्याची परीक्षा नोव्हेंबरात उरकली असती. साखळीवाल्याचं पुस्तक उशीएवढं जाड होतं. त्याच्या परीक्षेला नीट तयारीने बसायचं म्हणजे पुढचं वर्ष उजाडणार, आणि तोवर खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं असणार.

"लॉरीवालं घे," इलाइतिया म्हणाला.

इलाइतिया फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याचं गाव आणि टोरिकाचं आजोळ, ओनेवुला बेट, ही एकमेकांची तौवू. दोन्हींचा मूळपुरुष एक, त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, एकमेकांच्या ताटातलं उचलावं आणि कुणी राग धरू नये, असा जुना रिवाज. इलाइतिया हा रिवाज फार मनापासून पाळायचा. जेवणाच्या सुट्टीआधीच टोरिकाचा रोटीचा डबा उघडून बसायचा.

"लॉरीवालं कशाला?"

"ओनेवुलाची माणसं आपल्या पायांनी कुठे वेळेवर पोचलीत का कधी? निदान लॉरीने तरी पोचाल."

"तुमच्या गावच्या माणसांना लॉरीत चढवायचं तर आधी अंघोळ घालावी लागेल. त्याचं प्रमाणपत्र कुठे मिळतं ते विचार," टोरिका म्हणाली आणि त्याच्या हातातली उरलेली रोटी काढून घेतली.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "जे लवकर संपेल ते घे." तो बस चालवायचा. त्याचे सगळे सल्ले स्टॉप जवळ आल्यासारखे असायचे.

गौंडरसाहेबांनी तिला बसवून घेतलं, दार लोटलं आणि नीट समजावलं. "हे बघ टोरिका. मी गोदामवालंच केलं होतं. तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, पण मजकूर तोच. त्याच्यावर माझी नोकरी निघाली. तुझा हात त्यात बसलाय. आता ते ओनेवुलाचंच बघ. माशांच्या डब्यांची मागणी वाढतेय हे तू किती लवकर हेरलंस!"

टोरिकाचा चेहरा खुलला. ओनेवुला म्हणजे तिच्या आईचं बेट. तिथलं एकुलतं दुकान तिचा मोमो चालवायचा, आईचा सख्खा भाऊ रुसियाते. एप्रिलपासून त्या दुकानाची माशांच्या डब्यांची मागणी अशी काही चढत गेली होती की आलेख पाहून टोरिकाला गुदगुल्या व्हायच्या. लोक म्हणतात बेटं रिकामी होतायत, आणि इथे आपलं आजोळ भरभराटीला आलंय! तिने सूत्रात आकडे घातले, सूत्राने सांगितलं तेवढे डबे थायलंडहून मागवले. एरवी एक कंटेनर यायचा, या खेपेला तीन निघाले होते. साहेबांनी डोळे झाकून सही केली होती.

"मग पक्कं. गोदामवालंच," टोरिका म्हणाली. "आत्ताच पाठवा नाव."

"एवढी घाई नको. सही करायच्या आधी मध्ये एक रविवार जाऊ द्यावा, असा माझा नियम आहे. तू आता ओनेवुलाला चाललीस ना? जाऊन ये. परत आल्यावर शुक्रवारपर्यंत सांग."

ओनेवुलाला जायचं होतं ते सुतक फिटण्यासाठी. मार्चमध्ये बेटाचे म्हातारे सरदार गेले होते. तेव्हाही टोरिका गेली होती. चटयांची चळत, रॉकेलचं पिंप आणि काळे कपडे घेऊन, बाकीच्या बायकांबरोबर चार दिवस चटईवर बसून रडून आली होती. पुरल्यानंतर गावच्या माणसांनी किनाऱ्यावर कापड बांधलेली काठी रोवली. त्या क्षणापासून शंभर रात्री समुद्र बंद. किनाऱ्यापासून ते खडकांच्या कड्यापर्यंत कुणी जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. ती काठी रोवताना टोरिका दहा पावलांवर उभी होती. तिने डोळे पुसले होते आणि मान खाली घातली होती.

आता त्या शंभर रात्री सरल्या होत्या. बोट लागली तेव्हा शंख वाजत होता आणि अख्खं बेट, पोरासोरांसकट, कमरेएवढ्या पाण्यात उतरलेलं होतं. इतके महिने कुणी त्रास न दिल्यामुळे मासे अगदी निर्धास्त झाले होते. माणसं पाहून पळायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. जाळी ओढून ओढून बाप्ये थकले. केळीच्या पानांवर माशांचे ढीग लागले. जमिनीतल्या भट्ट्या पेटल्या, डुकरं गेली आत, अळवाच्या कांद्यासारखा दालो गेला आत, आणि बायकांनी नारळ खवायला घेतले. टोरिकाने लुगड्यासारखा सुलू खोचला आणि तीही बसली खवणीवर.

दुपारी पंगत बसली. नारळाच्या दुधात शिजवलेला मासा, बोटभर जाडीचा दालो, वर लिंबू आणि मिरची. टोरिका मान वर न करता जेवली. एक मासा संपला की शेजारची काकू दुसरा तिच्या पानात टाकायची. सुवाच्या बाजारात असा मासा मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. "इसा, बाई गं, असा मासा किती दिवसांनी खाल्ला!" ती बोटं चाटत म्हणाली.

मोमो रुसियाते तिच्या शेजारी येऊन बसला. पोट सुटलेला, केस पिकलेला, भाचीवर जीव टाकणारा माणूस. भाचीने आजोळी येऊन हवं ते उचलून न्यावं आणि मोमोने हसत बघत राहावं ही तिथली रीत, आणि टोरिकाने लहानपणी त्याच्या दुकानातल्या बिस्किटांचा चांगलाच फडशा पाडला होता.

"खा, पोरी, खा," मोमो म्हणाला. "आणि हो, ते तुझे माशांचे डबे आता पुरे झाले हं. समुद्र उघडला. आता ते डबे इथे कुत्रंसुद्धा हुंगणार नाही."

सगळी पंगत हसली. सगळ्यात मोठ्याने टोरिका हसली. ती हसतच पुढचा घास उचलत होती, आणि हात तोंडापाशी जाऊन थांबला.

तिला थायलंडहून निघालेली बोट दिसली. तीन कंटेनर. त्यातले दोन या बेटाच्या नावाने.

"मोमो," ती हळूच म्हणाली, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगितलं नाही?"

"की डबे जास्त लागतायत ते समुद्र बंद आहे म्हणून. तू दर महिन्याला नुसता आकडा कळवायचास. अजून दहा खोकी, अजून वीस खोकी."

मोमोने तिच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "तुला काय सांगायचं, पोरी? तू इथेच होतीस की. तुझ्या डोळ्यांदेखत काठी रोवली. बाहेरच्या माणसाला सांगतात. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मोमोला वाटतं मी आपली रीत विसरले."

खरंच तसंच म्हणाली असती ती. रागावली असती. टोरिकाने घास पानात ठेवला. समुद्र बंद आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. एप्रिलमध्ये, मेमध्ये, सुवाला घरी रात्री प्रार्थना म्हणताना ती सरदारांचं नाव घेत होती. काळा पोशाख तिने शंभर रात्री अंगावर बाळगला होता, त्याच पोशाखात कचेरीत जाऊन कंप्युटरसमोर बसत होती. आणि त्याच काळ्या बाहीचा हात पुढे करून आलेखाची चढती रेघ साहेबांना दाखवत होती. सुतकाची गोष्ट सुतकाच्या जागी, कामाची कामाच्या जागी. या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तिला इतकी लाज वाटली की पंगत उठली तरी ती बसूनच राहिली. काकूला वाटलं, पोरीला जेवण जड झालं.

परतीच्या बोटीत ती डेकवर बसून होती.

सुवाला पोचल्या पोचल्या ती साहेबांच्या खोलीत गेली आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माल कधी लागतोय?"

"पुढच्या आठवड्यात."

"परत पाठवता येणार नाही."

"नाही."

साहेबांनी ऑर्डरचा कागद काढून त्यावरची आपली सही शोधली. मग म्हणाले, "हे बघ. ऑर्डरवर सही माझी आहे. मी सांगेन की मीच वाढवून मागवले. जाता जाता म्हाताऱ्याच्या हातून एक चूक झाली. माझं आता काय वाकडं करणार आहेत ते? निरोपाच्या भाषणात चार शब्द कमी बोलतील. तू काही बोलू नकोस. गोदामवालं घे, नोव्हेंबरात पास हो आणि नाताळला इथे येऊन बस." त्यांनी खुर्चीच्या धडक्या हातावर थाप मारली. "आणि असं पुन्हा होऊ नये म्हणूनच तर असतात ही प्रमाणपत्रं."

टोरिकाने खुर्चीकडे पाहिलं. तिला ती हवी होती. उगाच साधेपणाचा आव आणण्यात अर्थ नाही, तिला ती मनापासून हवी होती. त्या खुर्चीवर बसल्यावर सकाळची बैठक कशी घ्यायची, कुणाला आधी झापायचं आणि डावा हात कसा दुरुस्त करून घ्यायचा, इथवर तिने मनात ठरवून ठेवलं होतं.

"शुक्रवारी सांगते," ती म्हणाली.

गोदामात गुप्त असं काही राहत नाही. दुपारपर्यंत इलाइतियाला सगळं कळलेलं होतं. तो फोर्कलिफ्टवरून उतरला, कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय गं, ओनेवुलात अजून एखादा सरदार आजारी आहे का? दोन कंटेनर संपवायचे तर एकाने भागेल असं वाटत नाही!"

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मारामारी झाली असती. तौवूने म्हटलं तर हसायचं असतं. टोरिका हसली. "सरदार कशाला? तुमच्या गावचे चार खादाड बोलावले तर एका रविवारी संपतील," ती म्हणाली, पण शेवटचे शब्द नीट निघालेच नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इलाइतिया गडबडला. त्याने टेबलावरचा तिचा रोटीचा डबा, जो तो उघडणारच होता, हळूच झाकून तिच्याकडे सरकवला.

त्याने टोरिका भडकलीच. "घे ना! खा! रोज खातोस ते आजच काय झालं?"

इलाइतियाने मुकाट्याने डबा उघडला आणि रोटी खाल्ली. खाताना त्याला काही विनोद सुचला नाही.

त्या आठवड्यात टोरिकाने दोन्ही पुस्तकं घरी नेली. आधी गोदामवालं उघडलं. मागणीचा अंदाज कसा बांधायचा याचं प्रकरण काढलं आणि आपली चूक शोधायला बसली. ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. सूत्र तेच. आकडे तसेच घ्यायचे. मागणी सलग वाढली तर साठा किती वाढवायचा, तेही तिने केलं तेवढंच. पुस्तकाप्रमाणे तिचं सगळं बरोबर होतं. पहिल्यांदा तिला बरं वाटलं, मग घाबरायला झालं. ही परीक्षा ती आज सकाळी उठून दिली असती तरी पास झाली असती, आणि संध्याकाळी कचेरीत येऊन तेच तीन कंटेनर पुन्हा मागवले असते. उलट भिंतीवर प्रमाणपत्र असतं, तर चार मागवले असते.

साखळीवाल्या पुस्तकातलं निम्मं तिला कळलं नाही. कायदे, करार, जोखीम, कुठल्या कुठल्या देशांचे कारखाने. पण त्यात एक प्रकरण होतं. टोकाच्या एका लहानशा दुकानात चार खोकी जास्त खपतात, तिथला दुकानदार सहा मागवतो, घाऊक व्यापारी दहा मागवतो आणि कारखाना वीस बनवतो. मधल्या कुणालाच ठाऊक नसतं की ती पहिली चार खोकी का खपली. टोरिकाने ते प्रकरण दोनदा वाचलं. नवरा घोरत होता. "हे बघ, मोमो आहे यात," ती त्याला म्हणाली. त्याने कूस बदलली.

शुक्रवारी ती साहेबांसमोर बसली. साहेबांनी पेन उघडून तयारच ठेवलं होतं.

"साखळीवालं," ती म्हणाली.

पेन तसंच राहिलं. "तुला कळतंय ना तू काय बोलतेस? त्याची परीक्षा पुढच्या वर्षी. नाताळला इथे ऑकलंडचा कुणीतरी बसेल. आणि एकदा बसलेला माणूस लवकर उठत नाही. मीच बघ."

"कळतंय."

"मग का?"

"गोदामवालं घेतलं तर मी जे करते तेच अजून चांगलं करीन, साहेब. चुकीचं काम चांगलं करायला शिकून काय करू?"

साहेबांचा चेहरा उतरला. ते साधे गृहस्थ होते, मनातलं लपवता येत नसे. "मी तेच शिकलो होतो," ते म्हणाले. "मग मी इतकी वर्षं चुकीचं काम केलं म्हणतेस?"

टोरिकाला वाटलं, जीभ चावावी. "नाही साहेब. तुम्ही धक्क्यावर जायचात. मी नवीन होते तेव्हा बघायची ना. बेटावरून बोट आली की तुम्ही छत्री घेऊन धक्क्यावर. कप्तानाला चहा पाजायचात, खलाशांना विचारायचात, कुणाकडे लग्न आहे, कुणाचा दालो वादळात गेला, कुठल्या चर्चचं छप्पर बांधायचंय. परत येऊन मग ऑर्डर लिहायचात. ते पुस्तकात नव्हतं, तुम्ही आपणहून करायचात. कंप्युटर आला तसे तुम्ही थांबलात. आणि मी तर कधी गेलेच नाही."

बाहेर फोर्कलिफ्टचा भोंगा वाजत होता.

"आणि डबे मी मागवले," टोरिका म्हणाली. "मालकांना तसंच सांगा. तुमच्या निरोपाच्या भाषणातला एक शब्दसुद्धा कमी व्हायला नको."

"खुर्ची जाईल, पोरी."

"जाईल," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. साहेबांनी टेबलावरून नॅपकिनचा गठ्ठा पुढे केला. तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि त्यांनी तिच्या देखत कागदावर साखळीवाल्याचं ते लांबलचक नाव लिहिलं. सही करताना डावं कोपर नेहमीसारखं अधांतरी होतं.

मालकांनी तिला बोलावून चांगलं झापलं. प्रमाणपत्राचा खर्च मात्र कबूल केला होता तो दिला. डबे आले. थोडे शाळांच्या वसतिगृहांनी पडत्या भावात उचलले, थोडे इतर बेटांना हळूहळू गेले, उरलेले मागच्या रांगेत छतापर्यंत रचून ठेवले. त्या रांगेला इलाइतियाने 'टोरिकाचं आजोळ' असं नाव दिलं. नाताळला कंपनीने सगळ्यांना भेट म्हणून काय दिलं ते वेगळं सांगायला नको. साहेबांचा निरोप मात्र झकास झाला. वाटीवाटीने प्यालेली यंगोना चढली तसे साहेब गायलेसुद्धा.

जानेवारीत ऑकलंडहून ग्रँट आला. तिशीचा, गोरा, नाक उन्हाने सोललेला, माणूस वाईट नव्हता. सगळ्यांची नावं त्याने दोन दिवसांत पाठ केली. टोरिकाला त्याचा राग करायचा होता, पण तो तशी संधीच देईना. ती पहाटे उठून उशीएवढ्या पुस्तकाशी झुंजायची, दिवसा आपलं काम करायची आणि त्याच्या खोलीकडे शक्यतो बघायची नाही.

दुसऱ्याच आठवड्यात तो कंप्युटर हातात धरून तिच्या टेबलापाशी आला. "टोरिका, हे पाहिलंत का? उत्तरेचं हे बेट. साखर, पीठ, चहा, बिस्किटं, सगळंच चढलंय. दोन महिने सलग. काय सुंदर रेघ आहे! मला वाटतं पुढची ऑर्डर दुप्पट करावी."

टोरिकाने रेघ पाहिली. सुंदर होती खरी. तिने फोन उचलला आणि त्या बेटावरच्या दुकानाचा नंबर फिरवला. दुकान चालवणारी बाई म्हातारी होती आणि फोनवर ओरडूनच बोलायची, त्यामुळे आवाज ग्रँटलाही ऐकू जात होता. टोरिकाने आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग सुनेची, आणि मग विचारलं, "काकू, तुमच्याकडे काय चाललंय? साखर एवढी कुणाला लागतेय?"

"अगं चर्चचं मोठं संमेलन आहे ना आमच्याकडे या खेपेला! पाच बेटांची माणसं येणार. दोन महिने झाले, आम्ही नुसतं साठवतोय!"

"आणि माणसं गेली की?"

"गेली की काय? सगळं त्यांना खाऊ घालायचं, उरलेलं बांधून द्यायचं. मग आमच्याकडे कुणाच्या हातात दमडी राहतेय साखर घ्यायला? ईस्टरपर्यंत लिंबाची पानं उकळून पिऊ आम्ही!"

"सोबो, अरे देवा! आणि हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं, काकू?"

"तू कुठे विचारलंस?"

टोरिकाने फोन ठेवला आणि काकूचं बोलणं ग्रँटला इंग्रजीत सांगितलं. त्याने रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे सिस्टिममध्ये कुठे नोंदवलेलं असतं?"

"कुठेच नाही."

"मग मला कसं कळणार?"

"फोन करून," टोरिका म्हणाली. "नाहीतर बोट आली की धक्क्यावर जाऊन. मी हल्ली मंगळवारी जाते. छत्री लागते."

त्याने कंप्युटर मिटला. "अजून कुणाला फोन करायचेत आज?"

"सगळ्यांनाच."

ग्रँट तडक आपल्या खोलीत गेला. टोरिकाला वाटलं, चिडला. ती पुढचा नंबर शोधायला लागली. तेवढ्यात फरशीवर काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला आणि गोदामातली सगळी डोकी वर झाली. इलाइतियाने फोर्कलिफ्ट थांबवली. ग्रँट खुर्ची ओढत आणत होता. साहेबांची खुर्ची. त्याने ती टोरिकाच्या टेबलाला लावली, वही काढली आणि बसला. बसताना डावं कोपर टेकवायला गेला, तिथे हात नव्हता, तो कलंडता कलंडता वाचला.

"उजवीकडे भार द्या," टोरिका म्हणाली आणि ओनेवुलाचा नंबर फिरवला. "मोमो? मी टोरिका. समुद्र उघडा आहे ना?"